पक्क्या रंगाचं देणं

नाकाडोंगरीच्या माणसाला काळा दगड दाखवून हे काय आहे, असं विचारू नये. तो दगड हातावर तोलतो, अंगठ्यानं घासतो, अंगठा काळा झाला की ‘मॅग्नीज’ म्हणून परत देतो. पलीकडेच डोंगरी बुजुर्गची उघडी खाण आहे. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणाऱ्या रेल्वेफाट्यावर गोबरवाहीनंतर डोंगरी बुजुर्ग स्टेशन लागतं. खाण चालवणारी मॉइल ही कंपनी झाली १९६२ साली, तिची कचेरी नागपूरला. पण इथला दगड त्याच्या कितीतरी आधीपासून इंग्रजी कंपन्या नेत होत्या. डोंगरीच्या खाणीची खासियत अशी की तिथलं मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या धंद्याला चालतं. टॉर्चच्या सेलच्या पोटात जी काळी भुकटी असते, ती.

बाबांचं गावात किराणा दुकान होतं. टॉर्चचे सेल आणि कापड रंगवायच्या पुड्या एकाच फळीवर असत, म्हणजे माझ्या पुढच्या आयुष्याचा सगळा कच्चा माल त्या फळीवर मांडून ठेवलेला होता. वापरून संपलेले सेल आम्ही पोरं दगडानं फोडायचो. आतली कार्बनची कांडी भिंतीवर लिहायला कामाची. काळी भुकटी मात्र नुसती हात आणि चड्डी खराब करायची आणि त्याबद्दल आईचा मार मिळायचा. ती भुकटी कदाचित आपल्याच शेजारच्या डोंगरातून निघून, कुठल्या कुठल्या कारखान्यांतून फिरून, बाबांच्या फळीवर परत आली असेल, हे सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं.

सांगितलं ते शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी. शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, आणि त्याची किल्ली बहुधा हेडमास्तरांकडे. सरांनी कपाटाची वाट पाहिली नाही. खाणीवर काम करणाऱ्या एका पालकाकडून त्यांनी मुठीएवढा दगड मागवला, तो खलबत्त्यात कुटला, आणि मेडिकलमधून जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं. काचेच्या ग्लासात ते ओतून वर चिमूटभर काळी पूड टाकली. ग्लास फसफसून वर आला. सरांनी विझत आलेली अगरबत्ती त्याच्या तोंडाशी धरली आणि ती भडकून पेटली. ऑक्सिजन. वर्गात टाळ्या पडल्या, पण सरांचं काम तिथून पुढे सुरू झालं. त्यांनी ग्लासातलं पाणी फडक्यातून गाळलं, पूड उन्हात वाळवली, आणि दुपारी तीच पूड घेऊन शेजारच्या वर्गात गेले. “दगड खर्च झाला नाही. तो फक्त तिथं होता, म्हणून काम झालं,” एवढंच म्हणाले. उत्प्रेरक म्हणजे काय याच्या व्याख्या मी पुढे बऱ्याच वाचल्या. वाळत घातलेल्या त्या पुडीइतकी स्वच्छ एकही वाटली नाही.

सरांचं ऋण मोजता येतं, त्याची किंमत एक बाटली पेरॉक्साइड. आबाजींचं मोजायला बसलो की हिशेब लागत नाही.

आईचं माहेर आंधळगावचं. मोहाडी तालुक्यातलं हे गाव कोशाच्या कापडासाठी ओळखलं जातं. जंगलातल्या ऐनाच्या झाडांवर ढीवर लोक कोसा पाळतात, त्याचं सूत निघतं, कोष्टी ते विणतात, आणि करवतकाठी साडीचे दाते पाहून जाणकार माणूस मागावरचा हात ओळखतो. मामाच्या घराच्या मागच्या अंगणात एका म्हाताऱ्या रंगाऱ्याची चूल होती. नात्यानं ते आमचे कुणीच नव्हते. सगळं गाव त्यांना आबाजी म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचो.

सुट्टीत मी तासन् तास त्या चुलीपाशी बसलेला असे. कोशाच्या सुतावर नैसर्गिक चिकट असते, ती गेल्याशिवाय रंग बसत नाही. म्हणून आबाजी सुताच्या लड्या आधी सोडा आणि साबणाच्या पाण्यात उकळून घेत. मग दुसऱ्या जर्मनच्या गंजात रंगाचा घोळ. लडी काठीवर अडकवून ते ती सारखी फिरवत राहत, आणि शेवटी शेवटी घोळात थोडं ॲसिड सोडत. ते झोंबणारं ॲसिड म्हणजे ॲसेटिक, लोणच्यातल्या व्हिनेगरचंच दाट रूप. तेवढ्यानं एक नवल घडायचं. लाल घोळ बघता बघता निवळायचा. पाण्यातला रंग सुतात शिरायचा, आणि गंजात उरायचं जेमतेम गुलाबी पाणी. घोळ निवळला नाही तर आबाजींचा चेहरा पडायचा. “पान्यात रायला तो रंग नाई, तो पैसा,” म्हणायचे.

आणि रंग पक्का झाला की नाही, याची त्यांची परीक्षा होती. मे महिन्यात, नवतप्याच्या उन्हात, लडी घराच्या छपरावर ठेवायची. अर्धी लडी उन्हात, अर्धी एका कवेलूखाली झाकलेली. काही दिवसांनी कवेलू उचलायचं. दोन्ही अर्ध्या सारख्या दिसल्या तर रंग पास. झाकलेला भाग जास्त गडद दिसला तर त्या पुडीचा दुकानदार आबाजींच्या शिव्या खायचा. (तो दुकानदार माझा बाप नव्हता, हे इथं नोंदवतो.) कापडाचा रंग उन्हात किती टिकतो हे मोजायची एक ते आठ अंकांची निळ्या लोकरीची मोजपट्टी असते, प्रयोगशाळांमध्ये ती आजही वापरतात. तिचा गाभा हाच आहे: अर्धं झाका, अर्धं उघडं ठेवा, आणि फरक बघा.

पुढे नागपूरला एम.एस्सी. झालो आणि संशोधनाला लागलो. विषय मिळाला तो असा: पाण्यात मिसळलेला कापडाचा रंग प्रकाशाच्या मदतीनं मोडायचा, आणि मोडणारी भुकटी तशीच्या तशी परत मिळवायची. सुट्टीत आंधळगावला गेलो तेव्हा आबाजींना तो समजावून सांगितला. त्यांनी काठी गंजावर आडवी ठेवली आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

“आमी जलमभर उन्हात न उडनारा रंग सोधला. आन् तू उन्हात उडवाले निंगाला?”

ते हसत होते, पण विषयाची मेख त्यांनी नेमकी पकडली होती. गेल्या दीडशे वर्षांत रंगाच्या रसायनशास्त्राचा सगळा जोर एकाच गोष्टीवर राहिला आहे: रेणू असा घडवायचा की तो ऊन, साबण, घाम, कशालाच दाद देणार नाही. १८५६ साली लंडनमध्ये पर्किननं पहिला जांभळा कृत्रिम रंग काढला, तेव्हापासून हीच शर्यत. आपल्याकडे मुंबईच्या यूडीसीटीत वेंकटरामन आणि त्यांच्यानंतरच्या पिढीनं याच शास्त्रात नाव काढलं. साडीवर ज्या गुणाला टिकाऊपणा म्हणतात, तोच नदीत उतरला की पीडा होतो. पंचगंगेच्या काठच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. जिवाणूंच्या टाक्यांमधून सांडपाणी गेलं तरी हे रेणू पुष्कळदा तसेच बाहेर पडतात, कारण त्यांना कुणी खाऊ नये असेच ते घडवलेले असतात.

गंमत म्हणजे प्रकाश-उत्प्रेरणाची सुरुवातही रंगाऱ्यांच्या आणि रंगकाम करणाऱ्यांच्या तक्रारीतूनच झाली. टिटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगातली भुकटी. ती घातलेला रंग उन्हात खडूसारखा सुटतो, तिच्या संगतीत दुसरे रंग विटतात, हे कारखानदारांच्या लक्षात आलं होतं. १९३८ मध्ये गुडीव आणि किचनर यांनी या भुकटीवर एक निळा रंग उन्हात कसा उडतो ते मोजलं. १९७२ मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी याच पदार्थाच्या विद्युतघटावर प्रकाश टाकून पाण्यापासून हायड्रोजन वेगळा केला, आणि मग जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९७७ मध्ये फ्रँक आणि बार्ड यांनी पाण्यातलं सायनाइड या भुकटीनं नष्ट करून दाखवलं, आणि सांडपाण्याची वाट उघडली.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. साधारण ३८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड लांबीचा प्रकाश भुकटीवर पडला की तिच्यातला इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यात जातो आणि खाली रिकामी जागा राहते. ती जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढते, त्यातून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. वर गेलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला मिळतो. मूलकाचं आयुष्य क्षणाहूनही लहान, पण तेवढ्यात शेजारी जो सेंद्रिय रेणू असेल त्याचा तो लचका तोडतो. लचके तुटत राहिले तर शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडे क्षार उरतात. अडचण एकच आणि मोठी: आपल्या उन्हात असा आखूड प्रकाश चार-पाच टक्केच असतो. म्हणून जगभरचे संशोधक या भुकटीत नायट्रोजन मिसळ, चांदी लाव, जस्ताचं ऑक्साइड वापर, कार्बन नायट्राइड वापर, असे उद्योग करत असतात. मीही त्यातलाच एक.

प्रयोगशाळेतल्या परिचर काकांचं देणंही इथं लिहून ठेवतो. काच कशी धुवायची, चंचुपात्रात तिळाएवढाही डाग राहिला तर आकडे कसे फिरतात, हे त्यांनी शिकवलं. आकड्यांच्या खरेपणाबद्दल त्यांच्याइतका कडक माणूस मला विभागात दुसरा दिसला नाही.

पहिलं वर्ष मिथिलीन ब्ल्यूवर गेलं. या क्षेत्रात सगळ्यांचं पहिलं वर्ष त्यावरच जातं. लिटरला दहा मिलिग्रॅम रंग, ऊर्ध्वपातित पाण्यात, ६६४ नॅनोमीटरला शोषण मोजायचं. आधी अर्धा तास अंधारात ढवळायचं, म्हणजे भुकटीला नुसता चिकटलेला रंग वेगळा धरता येतो. मग एक पात्र उजेडात आणि एक ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून. गुंडाळताना दर वेळी मला कवेलू आठवायचं. निळं पाणी स्वच्छ झालं की छायाचित्र काढायचं, ओळीनं मांडलेल्या गडद ते फिकट बाटल्यांचं. असं छायाचित्र नसलेला प्रबंध या विषयात मी पाहिलेला नाही.

एक पुरा संच मी आंधळगावला नेला. उन्हात ठेवलेलं निळं पाणी संध्याकाळपर्यंत नितळ झालं. आबाजींनी बाटली उजेडाकडे धरली, बुडाशी बसलेली पांढरी भुकटी पाहिली. “हा तं चुना वाटते.” मग वास घेतला. मग म्हणाले, “निरा रंग गेला, मानलं. पन गेला कोठी?”

मी त्यांना कार्बन डायऑक्साइड सांगितला. त्यांनी मान हलवली. “सुतात गेला तं मले दिसते. इथं मले दिसत नाई. तुले दिसते का?”

या प्रश्नावर माझी पुढची वर्षं गेली. दिसत नाही हे खरं होतं. मिथिलीन ब्ल्यूला नुसते दोन इलेक्ट्रॉन मिळाले तरी तो रंगहीन होतो, मोडत नाही, आणि हवा लागली की पुन्हा निळा होतो. शिवाय हा रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो आणि आपला इलेक्ट्रॉन भुकटीला देऊन बसतो. त्यामुळे भुकटीत काही कर्तृत्व नसलं तरी पाणी फिकं पडतं. जपानमधल्या ओहतानी यांच्या गटानं २००६ मध्ये नेमका हाच सवाल छापला होता: दृश्य प्रकाशातल्या उत्प्रेरकाची परीक्षा घ्यायला मिथिलीन ब्ल्यू लायक तरी आहे का? तो लेख वाचताना मला तो प्रश्न आबाजींच्या आवाजात ऐकू आला. अझो रंगांची गोष्ट याहून गंभीर. त्यातला नायट्रोजन-नायट्रोजन बंध तुटला की रंग जातो, पण मागे ॲमिनं राहू शकतात. बेंझिडीनसारखी काही ॲमिनं कर्करोग करणारी आहेत. म्हणूनच १९९० च्या दशकात जर्मनीनं आणि भारतानंही असे अनेक रंग बंद केले. पाणी नितळ आणि विष तिथंच, असं होऊ शकतं.

म्हणून मी सीओडी मोजायला लागलो. नमुना डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लात दोन तास उकळायचा आणि सेंद्रिय मालाला किती ऑक्सिजन लागला ते काढायचं. कंटाळवाणं काम, धुराचं काम. पण त्यात रंग दिसला काय न दिसला काय, फरक पडत नाही. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला लिटरला २५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, ती सीओडीची आहे. डोळ्यांना रंग दिसेनासा झाल्यावरही आकडा बराच वेळ वर राहायचा, आणि मग हळूहळू उतरायचा. आलेखावरच्या या दोन रेषांमधलं अंतर म्हणजे आबाजींच्या प्रश्नाचं उत्तर होतं. माझ्या प्रबंधाचं सगळ्यात मोठं प्रकरण त्या अंतरावरच आहे.

आबाजींचं दुसरं देणं त्यांच्या सांडपाण्याचं. एकदा म्हणाले, “तुया डिस्टिल पान्यात कोनी रंगवत नाई. आमचं पानी नेऊन पाय.” प्लास्टिकच्या डब्यात भरून दिलं. त्या पाण्यानं माझ्या भुकटीचा तोरा उतरवला. रंग इतका गडद की प्रकाश वरच्या थरातच अडायचा, खालची भुकटी काळोखात. सूत उकळताना घातलेला सोडा पाण्यात कार्बोनेट-बायकार्बोनेट होऊन बसलेला. तो हायड्रॉक्सिल मूलकाला वाटेतच गाठतो आणि त्याच्या जागी कमी ताकदीचा कार्बोनेट मूलक उरतो. त्यात कोशाची सुटलेली चिकट, म्हणजे प्रथिन, रंगाच्या आधी स्वतःच मूलक खाऊन टाकणारी. शोधनिबंधांमध्ये दिसणारी ती झटपट उतरणारी रेषा इथं जमिनीशी समांतर चालायची. मग पाणी विरळ करणं, आधी आम्लानं सोडा मारणं, चिकट वेगळी बसवणं, असं सगळं करत गेलो, तेव्हा कुठं गोष्ट हलली.

याच काळात मला आमच्या डोंगराची आठवण झाली. डोंगरी बुजुर्गच्या काळ्या दगडाची पूड मिथिलीन ब्ल्यूत टाकली. पाणी झपाट्यानं नितळलं. कागदात गुंडाळलेल्या पात्रातही नितळलं! म्हणजे उन्हाचा यात हात नव्हता. मँगनीज डायऑक्साइडच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, हा रंग धन भाराचा, तो आधी जाऊन चिकटतो. शिवाय हा दगड स्वतःच ऑक्सिडीकारक, आम्ल पाण्यात रंगाचे तुकडे करतो. पण तसं करताना तो सरांच्या ग्लासातल्यासारखा अलिप्त राहत नाही. थोडा थोडा विरघळतो, आणि पाण्यात मँगनीज उतरतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मँगनीज लिटरला ०.१ मिलिग्रॅम चालतं, फार तर ०.३. एक रंग काढून दुसरा धातू घालायचा, हा व्यवहार मला पटला नाही. तरी पेरॉक्साइडच्या जोडीनं, आम्लता सांभाळून, हा दगड कामाला लावता येतो यावर जगात बरंच संशोधन झालं आहे. आपल्या गावचा दगड अशा निबंधांमध्ये शुद्ध होऊन, कांडीच्या नाहीतर फुलाच्या आकारात दिसला की मला उगीच छाती फुगल्यासारखं होतं.

मग आबाजींना जाऊन सांगितलं की तुमच्या घोळावर ही भुकटी चालवायची तर खर्च सुतापेक्षा जास्त येईल. ते मुळीच नाराज झाले नाहीत. उलट त्यांनी मला गंजापाशी बसवलं, घोळात ॲसिड सोडलं आणि पाणी निवळताना दाखवलं. लहानपणी शेकडो वेळा पाहिलेलं. “रंग पान्यात ठेवाचाच कायले? सुताले पाजून टाकाचा. मंग जे उरंन, त्याले तुया चुना.”

आज रंगाऱ्यांच्या प्रशिक्षणाला कुणी बोलावलं तर मी सुरुवात भुकटीनं करत नाही. आधी आम्लता आणि तापमान सांभाळून घोळ शेवटपर्यंत उतरवणं. मग तोच घोळ फिकट रंगाच्या लडीला वापरणं. सोड्याचं पाणी आणि रंगाचं पाणी दोन वेगळ्या खड्ड्यांत. आणि उरलेल्या फिकट पाण्यासाठी काचेवर नाहीतर वाळूवर चिकटवलेला उत्प्रेरक, उथळ तबकात, उन्हात. म्हणजे भुकटी गाळत बसायला नको. प्रेक्षकांत एखादा तरुण इंजिनिअर असला तर तो नाराज होतो. त्याला पहिल्या मिनिटाला नॅनो हवं असतं.

आबाजी गेले त्या वर्षी मी परदेशी होतो. नंतर मामाकडे गेलो तेव्हा त्यांच्या सुनेनं, म्हणजे काकूंनी, हिशेबाची वही दाखवली. माझ्या नावाचं एक पान होतं. परीक्षणासाठी नेलेल्या लड्या, त्यांचं वजन, रंग, तारीख, आणि रकमेच्या जागी आडवी रेघ. मी पैसे पुढे केले. काकूंनी हात मागे घेतला.

“पैसे नको. आमच्या विहिरीचं पानी दरसाली पाहून देत जा. खड्डा मागंच हाये.”

तेव्हापासून उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आंधळगावहून बाटली येते. मी तिच्यातला रंग, सीओडी आणि मँगनीज काढतो आणि आकडे फोनवर सांगतो. आकडा वर गेला की काकू खड्ड्यातला गाळ काढून घेतात, आणि त्या महिन्यात घोळ कुणी अर्धवट टाकला याची चौकशी करतात. या वर्षी बाटलीबरोबर पाव किलो कोसाही आला आहे, हळदीच्या रंगाचा, आणि चिठ्ठीत विचारलं आहे की हा रंग उन्हात किती टिकेल. त्यातली एक लडी मी आजच गच्चीवर ठेवली. कवेलू नागपुरात मिळालं नाही, म्हणून अर्ध्या भागावर फरशीचा तुकडा ठेवला आहे.